छाट

एकतिसावा नकार आला तेव्हा
आई कारखान्यातून परतत होती.
दोघी एकदमच दारात.
तिच्या टोपलीत उद्याची पानं,
माझ्या हातात फोन:
आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.
"गेलं?" तिनं विचारलं.
"गेलं. तुझं?"
"बावन्न."

हजारातल्या बावन्न विड्या छाट,
पण प्रत्येकीचं कारण तिला तोंडपाठ.
अकरा सैल, दोऱ्याला ताण नव्हता.
काही करपल्या पानाच्या.
काहींचं तोंड नीट मुडपलं नव्हतं.
उरलेल्या, तिच्या मते,
चेकर घरून भांडून आला होता म्हणून.
तिनं त्याला तेलुगूत एक शिवी हासडली
आणि चहा टाकला.

माझ्या एकतीसांना कारण नाही.
अधिक सुयोग्य उमेदवार मिळाले, म्हणे.
सुयोग्य.
हा शब्द मी दोन उन्हाळे चघळतेय,
चव लागत नाही.
एक नकार रात्री दोन वाजून सात मिनिटांनी आला,
त्या वेळी कोण जागं असतं?

कारणं बाकी सगळ्यांकडे आहेत.
अंबादासमामा म्हणतो, वशिला.
तबस्सुम म्हणते, फोटो बदल बे,
पोलीस ठाण्यात काढल्यासारखा दिसायलाय.
क्लासचे सर म्हणतात, इंग्रजी,
आणि पुढच्या बॅचची फी सांगतात.
ज्यांनी नाकारलं
तेवढेच गप्प.

मग एका दुपारी, त्रेचाळीस अंशात,
पंख्याखाली पानं उडू नयेत म्हणून पंखा बंद,
मी एकतीस जणांना लिहिलं:
नोकरी मागत नाही,
कारण मागते.
कुठे सैल होते, एवढं सांगा.
(सैल खोडून 'कमी पडले' केलं.)

एकोणिसाव्या दिवशी फोन आला.
पाचव्या दिवसाचं पाणी आलेलं,
विडी घरकुलात सगळ्या मोटारी एकदम सुरू,
घागर भरत होती, मी एका कानात बोट घालून.
देवस्थळी नावाच्या बाई, पुण्याहून.
आवाज दमलेला.
म्हणाल्या, खरं सांगू? मी वाचला होता तुझा अर्ज.
सगळीकडे 'आम्ही' आहे.
आम्ही पाहणी केली, आम्ही हिशेब तपासले.
त्यात तू कुठे आहेस, ते मला सापडलं नाही.

घागर वाहून गेली.
मी 'थँक्यू मॅडम' तीनदा म्हटलं.

पाहणी टॉवेलच्या कारखान्यांची होती,
गटात पाच जण.
मागावरच्या माणसांशी तेलुगूत बोलले ती मीच,
वहीतली चार हजारांची चूक पकडली तीही मीच.
पण लिहिताना हात आपोआप 'आम्ही'कडे वळला.

वळणारच.
आमच्या घरात कार्ड एक, नाव आईचं,
रोजचे हजार तिच्या खात्यावर.
आठवीपासून मी दोरा बांधतेय,
धाकटी कात्री चालवते,
आणि कोणी विचारलं तर
आम्ही विड्या करतो.
ह्या 'आम्ही'त मी कधी स्वतःला शोधलंच नव्हतं,
हरवले असं वाटलंही नव्हतं.
बाईंना ते कसं सांगायचं,
आणि का सांगायचं?

रात्री ओल्या पोत्यात पानं गुंडाळून ठेवली.
बत्तिसावा अर्ज उघडला.
लिहिलं: मी.
पुढे बराच वेळ काही नाही.
चोरी केल्यासारखं वाटत होतं,
आईच्या सुपातून मूठभर उचलल्यासारखं.

मग सहज, सवय व्हावी म्हणून, मोठ्यानं म्हटलं,
"मी रोज तीनशे विड्या बांधते."

"तीनशे चाळीस,"
आई म्हणाली,
मांडीवरच्या सुपातून मान वर न काढता.

"तू मोजतेस?"

"मग काय की.
तुझ्या वेगळ्याच मोजते पहिल्यापासून."
तिनं दाताने दोरा तोडला.
"त्यातल्या नऊ-दहा छाट निघतात.
बांधतीस चांगलं.
तोंड मुडपायला घाई करतीस."