चार युनिट

कोपरखैरणे, सेक्टर सात. खोली सोडली
त्याला आता तीन महिने होतील.
टेम्पोवाला खाली हॉर्न देत होता तेव्हा
जिन्याखालच्या मीटरपेटीपुढे मी उकिडवी बसले
आणि मोबाईलने फोटो काढला:
एक आठ तीन चार दोन.
काचेत माझा अंगठा, कुणाच्या तरी स्कूटरचं हँडल.
शिकवण अक्काची. घर सोडताना आकडा टिपून घ्यावा,
माणसं फिरतात, आकडा फिरत नाही.

तरी बिल आलं.
कामोठ्यात अजून खोकीही फोडली नव्हती,
मोबाईल वाजला: चारशे बारा युनिट.
पुढच्या महिन्यात पुन्हा
चारशे बारा.
चालू रीडिंगच्या रकान्यात एकच शब्द, 'लॉक'.
आणि मागोमाग नागवेकरांचा फोन,
"अनामतीतून वळते करतो ताई,
हिशेब हिशेबाच्या जागी."

वीज कार्यालय, खिडकी तीन.
तांडेल मॅडम डबा उघडायच्या बेतात.
"घर बंद मिळालं की सरासरी लागते.
मागचा वापर बघून. आम्ही नाही लावत, सिस्टीम लावते."
त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
ऑगस्ट चारशे चार. सप्टेंबर चारशे सव्वीस.
ऑक्टोबर चारशे सहा.
"दोनच बायका ना तुम्ही? एसी होता?"

पलंगाशेजारी एक यंत्र होतं,
बुटकं, भाड्याचं, रात्रंदिवस घुरघुरणारं.
सुपात तांदूळ पाखडावेत तशी
खोलीतली हवा पाखडत बसायचं
आणि निवडलेलं तेवढं
नळीतून अक्काच्या नाकाशी पोचवायचं.
वीज गेली की मी बॅकअपचा सिलिंडर जोडायचे,
आणि वर वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालायचे, उगाच.
ती हसायची. दम पुरेल तितकंच.
"हा वारा बिलात येत नाही बघ."

मी म्हटलं, हो, एसी होता.

छत्तीस वर्षं अक्काने पालिकेच्या शाळेत गणित शिकवलं.
सरासरीचा धडा आला की खडू खाली ठेवायची.
"सरासरी मार्कांचा मुलगा
कुठल्याच बाकावर बसत नाही.
शोधू नका त्याला."
आणि इथे तर तोच शोधून काढलाय:
नोव्हेंबर, डिसेंबर,
कुलूप बाहेरून, आत रिकाम्या फरशा,
भिंतीवर यंत्राच्या टेकणीचा काळपट डाग,
आणि कागदावर कुणीतरी
चारशे बारा युनिट श्वास घेतंय.

मी अर्ज दिला, दोन प्रतींत.
विषय: चुकीचे सरासरी देयक दुरुस्त करणेबाबत.
सोबत मीटरचा फोटो, टेम्पोची पावती,
खोली सोडल्याचा नागवेकरांच्याच सहीचा कागद.
पोच मागितली. पोचेवर शिक्का मागितला.
शिक्का पुसट उठला म्हणून पुन्हा मारायला लावला.
मागच्या रांगेतले आजोबा म्हणाले,
"बाई शिक्षिका दिसतात."
बहीण, म्हणाले मी. पुढचं बोलले नाही.

अकरा दिवसांनी एक पोरगा आला,
स्कूटर बाजूला घेतली, टॉर्च मारली, आकडा वाचला:
एक आठ तीन चार सहा.

दोन्ही बिलं रद्द. नवीन बिल चार युनिटचं,
वर स्थिर आकार, आणि आणखी काय काय आकार.
नागवेकर फोनवर जरा हिरमुसलेच:
"चार तर रंगाऱ्याने बल्ब लावला असेल हो,
ते मी भरतो."
नंतर अनामतीतून त्यांनी नळाच्या वॉशरचे
आणि दाराच्या कडीचे पैसे कापलेच,
तो वाद वेगळा, चालू आहे.

पण ते चार युनिट.
रंगारी डिसेंबरात आला म्हणतात, दिवसाउजेडी काम करून गेला.
फ्रीज मी नेला होता. पंखेही माझेच.
विचारायचं तर विचारता आलं असतं,
अर्जाची तिसरी प्रत पिशवीत होती.

भरले मी.
पावती अक्काच्या वहीत ठेवली आहे.