रीडिंग

हायवेनं चांदवडला वळसा घातला
त्याला बरीच वर्षं झाली.
ट्रकचे हॉर्न आता पुसट येतात,
शेजारच्या घरात कुणी खोकावं तसे.
गाव आपलं डोंगराला पाठ लावून बसलेलं,
थंडीत म्हातारी माणसं उन्हाला बसतात तसं.

मी घरं आकड्यांनी ओळखतो.
दर महिन्याच्या पाच तारखेला
गळ्यात मशीन, कुत्र्यांसाठी काठी,
तांबट आळीपासून सुरुवात.

दगूनाना: सत्तावीस युनिट.
एक बल्ब, एक पंखा, एक रेडिओ.
ओट्यावरून नेहमी एकच प्रश्न,
“या खेपेला किती भरलो रे मी?”
जणू मी त्यांना काट्यावर घातलंय.

रज्जाकभाईंच्या गिरणीचा आकडा
ते स्वतःच सांगतात, पट्ट्याच्या आवाजावर ओरडून.
तोवर माझ्या भुवयांवर बाजरी बसते
आणि पुढच्या तीन घरांत मी
म्हातारा होऊन शिरतो.

दुपारी दोन. गावावर झाकण.
चौकातल्या निंबाखाली चार टोप्या, एक पेपर.
पेपर कालचा, भांडण परवाचं.
शेळ्या दगडाच्या सावलीत नाही,
दगडाच्या रंगात बसतात.
इथला दगड काळा, कधीकाळी वितळलेला;
दुपारी त्याला अजून ते आठवतं,
हात लावून बघा.

गावाबाहेर द्राक्षबागा.
तिथं वीज येते रात्री, लोक झोपल्यावर.
पारा उतरला की निकमांचा पोरगा
ओळीओळीतून शेकोट्या पेटवत फिरतो,
नि घाटावरून वाटतं
डोंगराखाली कुणी नवी वस्ती उतरलीय.
पहाटे ती नसते. धूर असतो,
वेलींच्या गुडघ्यापर्यंत.

पॅकहाउसमध्ये सिंधू गांगुर्डे
घडातला बिघडलेला मणी कात्रीनं टिपते,
खोक्यावर शिक्का मारते.
खोकं समुद्र बघणार. ती नाही.
तिनं एकदा विचारलं,
“समुद्राला मीटर असतो का हो, भाऊ?”
म्हटलं, असेल.
रीडिंग घ्यायला कुणी जात नसेल.

परत येताना आळीच्या टोकाला
गणपत तांबटांचं बंद दुकान.
गणपत गेले, भट्टी विझली,
पोरगं वापीला कंपनीत.
चार वर्षं आकडा एकच: चारशे सतरा.
किमान बिल कोण भरतं
मी कधी विचारलं नाही.
मी तर आकडाही न बघताच टाकायचो.
या महिन्यात मीटरवर पाल होती,
ती हाकलायला म्हणून वाकलो
नि बघतो तर, चारशे एकोणीस.

दोन युनिट.
म्हणजे चाळीसच्या बल्बचे पन्नास तास.
कुलूप तसंच. कुलपावर कोळ्याचं जाळं तसंच.
मागचा बोळ मात्र कुणीतरी झाडलेला.
मी कान लावला. आत काहीच नाही.
ठोके रात्रीचेच पडत असणार,
शेताला वीज येते तेव्हा,
मोटारींच्या आवाजाआड.

मशीन आकडा मागत होतं.
मी भरला.
कोणता, ते ऑफिसला विचारा.

दगूनाना ओट्यावरच होते.
आज त्यांनी काही विचारलं नाही,
डोंगराकडे बघत राहिले.
मीच म्हणालो,
“नाना, दोन जास्त भरलात.”
ते हसले नाहीत.
आत गेले, तांब्या घेऊन आले.

प्यायलो.
पाण्याला किंचित
चिंचेची चव होती.