कंठा ओवताना

कोसमगडचा कंठा वर्षातून एकदा बाहेर निघतो,
नवमीला, तालुक्याच्या बँकेतून,
सोबत एक शिपाई आणि कार्बन लावून लिहिलेली यादी:
शिरपेच एक, बाजूबंद जोडी,
कंठा सातपदरी, मधला पाचू एक.

राजे मोटारसायकलवर येतात.
एरवी आश्रमशाळेत गणित शिकवतात.
माझ्या ओसरीत चवाळ्यावर बसतात,
'होते का वं बिरजाबाई, सांजवरी?'

आम्ही पटवी. सोनं आमचं नाही, दोरा आमचा.
एका दिवसाचा घाम पिऊन
कोसा वर्षभर अंधारात कुजत राहतो.
मोत्यांना काही होत नाही.

बाप, झिबल पटवी, सांगे:
सात देवांचे सात पदर,
गाठ मारताना एकेकाचं नाव मनात घ्यायचं.
ओठ हलले की उसवायचं, पुन्हा पहिल्यापासून.
मला पाच नावं येतात.
उरलेल्या दोन पदरांना मी बापाचं घेते, आईचं घेते.
अजून तरी कंठा तुटला नाही.

मी नऊ वर्षांची असेन. बापानं पाचू माझ्या मुठीत दिला.
'काय लागते?'
'गरम झाला.'
'खरा एवढ्या लवकर होत नाही, पोट्टे.
तो गेला, बोडी फुटली त्या साली, राणीबाईच्या हातानं.
हा बाटलीचा. तुह्या आज्यानं सव्वा महिना घासला.'
मग त्याच्या दोन्ही अंगांना
एकेक गाठ जास्त मारली
आणि पुढं काही बोलला नाही.

दसऱ्याला राजे पागोटं बांधून उभे राहतात.
गड नाही, वसूल नाही,
पागोट्याखाली चष्मा,
तरी बारा गावचे भुमक वाकतात
आणि मधल्या काचेत ऊन असं हिरवं पेटतं
की मीही हात जोडते.
मी, जिला ठाऊक आहे.

राजांना ठाऊक आहे का, विचारलं नाही.
एका साली कंठा उतरवताना
त्यांनी तो मणी मुठीत जरा जास्त वेळ धरला होता.

एकादशीला शिपाई यादी वाचतो.
पाचू एक. सही.

जुना दोरा माझ्याकडे राहतो.
राजाच्या गळ्यातला, जाळता येत नाही,
पायदळी टाकता येत नाही.
मी त्याचे करगोटे वळते,
त्या साली जन्मलेल्यांसाठी,
गोंडाच्या, ढिवराच्या, माझ्या नातवाच्या कंबरेला.

आत्ता बघा, पोट्टे बोडीत उड्या मारून राहिले,
अंगावर दुसरं काहीच नाही.