बावीस खडे

तळमजल्यावर, जिथे जुन्या एक्स-रे फिल्मींचा वास मुरलाय,
मी आजारांना आकडे लावते.
के ऐंशी म्हणजे पित्ताचे खडे.
पॉइंटनंतर शून्य : पिशवीला सूज, ताजी.
एक : सूज जुनी.
पाच : खडा निसटून नळीत अडकलाय,
डोळे हळदीचे, लघवी काळ्या चहाची.
डॉक्टरांचं अक्षर इतकं घाईत
की कधी कधी सगळं एका टिंबावर ठरतं.

बाबा अशोक चौकात जॅकार्डचे पुठ्ठे पंच करायचे.
एक भोक चुकलं की मोर मान मोडून बसायचा,
एका नाही, शंभर चादरींवर.
जेवताना ते ताटाच्या कडेला बोटांनी
भोकं मोजत राहायचे.
आई म्हणायची, भाकरी गार होतेय.

रामक्का गुंडेटी, वय एक्कावन्न, विडी घरकुल.
केसपेपरवर तक्रार तिच्याच भाषेत उतरवलेली : कडुपु नोप्पी.
पुढे मराठीत, दुसऱ्या शाईने :
जेवल्यावर जास्त, उजव्या बरगडीखालून पाठीत.
दुर्बिणीतून पिशवी काढली. तिसऱ्या दिवशी घरी.
मी लावलं के ऐंशी पॉइंट एक,
योजनेचे पैसे सुटले, फाईल रॅकवर.
जाताना ती माझ्या खिडकीशी थांबली
बरणीतले खडे दाखवायला.
“बावीस,” म्हणाली. “कट्ट्याला तीन कमी.”
दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं,
पंचवीसच्या आत त्यांना चैन पडत नाही.

आज पॅथॉलॉजीचा कागद आला, सतरा दिवसांनी.
पिशवीच्या भिंतीत
कुणी शोधत नव्हतं ते सापडलंय.
सी तेवीस.
याला पॉइंट नसतो.
पुढे काहीच लावायचं नसतं.

सगळ्यांत आधी मला कळलंय.
सर्जन पुण्याला, परिषदेत.
मॅडम म्हणतात, क्लेम झालाय ना,
जुनी फाईल कशाला उघडतेस?
आणि नियम पाठ आहे मला : आपण निदान करत नाही,
लिहिलेलं वाचतो.
लिहिलंय ना पण.

वॉर्डातला पोरगेला डॉक्टर फोनवर म्हणतो,
टाके काढायला येतीलच की.
टाके गेल्या बुधवारीच निघालेत, रजिस्टरमध्ये सही आहे.
फाईलच्या पाठीवर मोबाईल नंबर, पेन्सिलने,
शेवटचा आकडा पुसट, एक किंवा सात.
एक लावला.
कुणी बार्शीचा अडत्या : राँग नंबर, ताई.
पंखा नुसतं ऊन ढवळतोय.
सात लावला.

मला फक्त एवढंच सांगायचंय
की सोमवारी या, मुलाला घेऊन या.
दोनदा मनात म्हणून बघते,
आवाज नेहमीसारखा राहतोय का ते.
रिंग. रिंग.
मग पानं कापणारी कात्री थांबल्याचा आवाज,
आणि दवाखान्यातून बोलतेय म्हटल्यावर
ती हसते,
“का ओ, उरलेले तीन घावले काय?”