वरचा आवाज

खोकं उघडलं तेव्हा द्वारकानं एक शंकू उचलला,
उलटा करून उजेडात धरला.
"हे तर चहाचं गाळणं."
मी म्हणालो, वूफर आहे, साडेसहा इंची.
"असंल," म्हणाली, आणि जपून ठेवला परत.

दोन मोठे, दोन छोटे, तांब्याची वेटोळी,
लिमलेटच्या गोळ्यांसारखे पिवळे कपॅसिटर
आणि एक घडीचा नकाशा:
कुठलं टोक कुठं, एवढंच सांगणारा.

अय्युब मिस्त्रीनं विचारलं, देव्हारा का?
नाही.
मग कोंबड्यांसाठी?
भोकं गोल हवीत म्हटल्यावर मात्र गप्प झाला,
कानावरची पेन्सिल काढली
आणि अख्खी दुपार अठरा एमएमच्या प्लायवर वाकून राहिला.
पैसे घेताना म्हणाला, वाजलं की हाक मारा.

क्लॅम्प नव्हते.
मिल सोडताना आणलेले सळईचे तुकडे होते,
दाराला अडणी म्हणून पडलेले.
तेच रचले सरस लावलेल्या सांध्यांवर, रात्रभर.
पहिल्यांदाच त्यांनी आवाज न करता काही काम केलं.

आतलं अस्तर एकाच डब्याला पुरलं.
दुसऱ्यासाठी गेलो नबीलालच्या गादीच्या दुकानात.
किती गाद्या?
अर्धी उशी, म्हटलं, आवाजाला टेकायला.
त्यानं माझ्याकडं पाहिलं,
मग कापूस एकदा जास्तीचा पिंजून दिला.

अठ्ठावीस वर्षं रोलिंग मिलमध्ये.
लाल सळई रोलरमधून सुटते तेव्हा सापासारखी फुत्कारते म्हणतात.
मला तो आवाज पहिली दहा वर्षं आला.
पुढं डॉक्टरनं कागद दाखवला:
डावीकडून सरळ चाललेली रेघ,
आणि मग बारवेच्या पायऱ्या, खाली, खाली,
पाणी कुठं दिसेना.

म्हणून ट्वीटरला कान लावला तर काहीच नाही.
सांधे पुन्हा डागले. मधे दोनदा लाइट गेली.
तार बदलली. कंपनीच्या नावानं बोटं मोडली.
चौथ्यांदा स्क्रू काढताना
द्वारका पिठाच्या हातानं दारात आली.
"कामून खोलता सारखं? वाजायलंय की ते."
काय वाजतंय?
"कुनीतरी काचेच्या बांगड्या
एक एक करून ओट्यावर ठेवायलंय. तसं. लई बारीक."
भाच्यानं पेनड्राइव्हवर भरून दिलेला संतूर होता तो.
मी स्क्रू परत बसवला.

दोन्ही जोडले तर आवाज पोकळ,
जणू घरात माणसं आहेत पण बोलतायत शेजारी.
नकाशा पुन्हा उलगडला.
उजव्याची लाल तार काळ्या जागी गेली होती:
एक श्वास घेई तेव्हा दुसरा सोडी,
आणि मधल्या मधे सगळं पुसलं जाई.
तिला समजावून सांगितलं.
मी रात्रपाळीहून यायचो तेव्हा
ती शाळेत खिचडी शिजवायला निघायची,
उंबऱ्यातच किल्ली हातबदल व्हायची,
तसंच काहीसं, म्हणालो.
ती म्हणाली, "मग बदला की तार."

संध्याकाळी अय्युब आला, सोबत त्याचा नातू.
द्वारकानं मोबाइलवर रेडिओ लावला.
बाजारभाव चालले होते:
तूर, सोयाबीन, मोसंबी.
इतका खर्च, इतकी खटपट, आणि पहिला मान तुरीला!
पण बातम्या देणाऱ्या बाईंनी पान उलटलं
ते मला ऐकू आलं.
मोसंबीच्या आधी आवंढा गिळला, तोही.
अय्युब हळूच पाय आखडून बसला,
खोलीत कुणी परकी बाई आल्यासारखा.
नातू डब्याच्या मागं जाऊन बघून आला.

आता रात्री जेवणं झाली की संतूर.
खुर्च्या दोन, नकाशात सांगितलेल्या अंतरावर.
खालचं लाकूड मला ऐकू येतं, हाताला, बरगडीला.
वरचं ती सांगते,
डोळे मिटून, सुपारी कातरायची थांबवून:
आलं.
गेलं.
परत आलं, दोन.
मधेच मी काही विचारायला जातो
तर नुसता हात वर करते.
थांबा.