थंड दगड

डोकं दुखतंय, म्हणाली सायकाल.
दवाखान्याच्या दारात उभी, बुटांना नदीकाठचा चिखल,
आणि डोक्याला हात लावायचंही विसरलेली.

तीस वर्षं या खोलीत बसते मी,
नारिनच्या वरच्या अंगाला. एक शेगडी, एक वजनकाटा,
एक खिडकी, जी मे महिन्यातही नीट उघडत नाही.
चौदा वर्षांच्या मुलींची डोकी
मला चांगली ठाऊक आहेत.
ती बहुधा पोटाच्या खाली दुखतात.

मी चहा ओतला. घोड्यांचं विचारलं.
शिंगरू झालं का तुमच्या तांबडीला?
झालं. पांढऱ्या कपाळाचं.
मग पेल्यात बघत, पेल्यालाच सांगितलं तिनं:
एजे, अंगावरून पांढरं जातंय.
आणि दोन महिने पाळी नाही.
आणि मी त्या दगडावर बसले होते.

कुठल्या?

पुलाजवळच्या. मार्चमध्ये. काकू ओरडली होती,
थंड दगडावर बसणाऱ्या पोरीचं
आतलं सगळं गोठतं म्हणून.

तर हे होतं.
दोन महिने ही पोर
पोटात गोठलेली नदी घेऊन
शाळेत जात होती, फळ्यावरची गणितं उतरवत होती,
आणि रात्री सगळे निजले की
कपड्यांच्या साबणानं स्वतःला धूत होती,
तीनदा, चारदा, आग होईपर्यंत.

कसं आहे पांढरं? मी विचारलं,
दुधाबद्दल विचारावं तसं.
आधी पाण्यासारखं. कधी अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं.
ते तुझंच आहे, म्हटलं. ते येणारच.
डोळ्याला पाणी असतं, तोंडाला लाळ,
तशी ती त्या वाटेची आपली आपण झाडलोट.
आणि आता?
आता घट्ट. चक्का फुटल्यासारखं. खाज सुटते.
वास?
नाही.
घशासाठी गोळ्या घेतल्या होत्यास ना?
एप्रिलमध्ये. सात दिवस.
झालं तर. गोळ्यांनी घशातले चोर मारले
आणि खालचे राखणदारही. मोकळ्या जागी बुरशी माजली.
बुरशी, सायकाल. शिळ्या पावावर येते तिची बहीण.
शाप नव्हे.

एक प्रश्न मी सगळ्याजणींना विचारते, तिलाही विचारला:
कुणी त्रास दिला का? नको असताना हात लावला?
तिनं मान हलवली, नाही,
सरळ माझ्याकडे बघून,
आणि मी तेवढ्यापुरता श्वास सोडला.

मग कागद घेतला, चौकटींचा, तिच्याच वहीतला.
औषध. साबण बंद. नुसतं पाणी, तेही बाहेरूनच.
सुती चड्डी, ओली झाली तर बदल.
पाळीचं म्हणशील, तर पहिली दोन-तीन वर्षं
ती तुमच्या त्या शिंगरासारखीच,
पाय कुठे टाकावा कळत नाही तिला.
तारखा लिहीत जा.
तीन महिने उलटले तर ये.
हिरवट झालं, मासळीसारखा वास आला,
ताप, ओटीपोटात कळ, मधेच रक्त,
तर डोकं दुखतंय असं न सांगता ये.

हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

मला कुणी कागद दिला नव्हता.
वरच्या कुरणावर, तेराव्या उन्हाळ्यात,
आता मी मरणार असं ठरवून
चांदीचे डूल धाकट्या बहिणीला देऊन टाकले होते मी.
तिनं ते अजून परत केलेले नाहीत.

दारात सायकाल थांबली.
आणि दगड?
दगड थंड असतो, म्हटलं. एवढंच.

संध्याकाळी कुलूप लावून मी त्याच वाटेनं निघाले.
पुलापाशी गुडघे बोलू लागले,
म्हणून टेकले जरा, त्याच दगडावर.
त्याआधी पिशवीतून नमद्याचा तुकडा काढून
खाली घातला. सवयीनं.
मग इकडेतिकडे बघितलं.
कुणी नव्हतं.