गाळलेल्या जागा

नोव्हेंबरात ग्रिम्सबीला चारलाच दिवेलागण होते.
वर्ग रिकामा, रेडिएटरवर कुणाचा तरी एकच मोजा,
आणि मी, भूगोलाची बाई, वय वर्षं चौपन्न,
चष्मा कपाळावर ढकलून
पंधरा वर्षांच्या कीरनकडून शिकतेय
पोस्ट कशी टाकतात.
"मिस, आधी लिहा. मग दाबा. घाबरायचं काय त्यात?"
हेच मी त्याला सप्टेंबरात म्हणाले होते,
कोऱ्या नकाशावर पेन्सिल टेकवायला लावताना.

पहिली पोस्ट: नदीमुखाचे प्रकार. मुद्देसूद.
ठळक अक्षरांत व्याख्या, आणि एक जाड बाण
नदीकडून समुद्राकडे: गाळ असा वाहतो.
वाचक दोन.
एक मी. दुसरी धाकटी बहीण, चिपळूणहून.
तिने अंगठा दाखवला, तसला नव्हे, हल्लीचा,
आणि विचारलं, थंडी कितपत आहे गं?

मग एका शनिवारी क्लीथॉर्प्सच्या ओहोटीत
बूट धरून बसलेल्या चिखलाचा फोटो काढला.
व्याख्या नाही. एवढंच लिहिलं,
हंबरचं पाणी चहासारखं का दिसतं?
मला नीट माहीत नाही.

अठ्ठावीस वर्षं फळ्यासमोर उभी आहे,
हे शेवटचे चार शब्द
कधी खडूने लिहिले नव्हते.

सोमवारपर्यंत एकतीस उत्तरं.
ओलुचीने बरणीत खाडीचं पाणी भरून
दर तासाला एक फोटो टाकलेला, रात्रीचेसुद्धा;
तिसऱ्यात मागे तिचा भाऊ कॉर्नफ्लेक्स खातोय.
मारेकने पोलिशमध्ये काहीतरी लिहून खोडलं,
मग इंग्रजीत लिहिलं, तेही खोडलं,
शेवटी पोलिशच ठेवलं.
बेथनी: हे परीक्षेला आहे का?
आणि इमिंगहॅमचे कुणी लेन हॉबडे,
चाळीस वर्षं गाळ उपसणाऱ्या बोटीवर,
सगळं कॅपिटलमध्ये, वाऱ्यात ओरडल्यासारखं:
बाई, तुमचा बाण चुकलाय.
नदी आणते थोडा. बाकी वरचा किनारा ढासळतो,
आणि भरती तो आत घेऊन येते.
गाळ उलटा चालतो.

उलटा.
रात्री साडेअकराला पलंगावर बसून
तो शब्द तीनदा वाचला.
पुसता आलं असतं. कचऱ्याच्या डब्याच्या
त्या इवल्या चित्रावर बोट होतंही.
लहानपणी पाटीवर चुकलं की
थुंकी लावून कोपराने पुसायचे,
बाई वळायच्या आत.
आता बाई मीच, आणि वळणार कोण?

नाही पुसलं. बाणावर आडवी रेघ मारली,
शेजारी दुसरा काढला, आतल्या दिशेचा,
खाली लिहिलं: हॉबडेंकडून शिकले.

मग मुख्याध्यापिकेचं बोलावणं आलं.
अनोळखी गृहस्थ, अल्पवयीन मुलं, रीतसर परवानगी कुठाय?
बरोबरच होतं त्यांचं. चार पानी फॉर्म भरला.
आता हॉबडेंचं उत्तर आधी माझ्याकडे येतं,
मी गाळून पुढे पाठवते.
शिव्या तेवढ्या गाळते.

आमच्या शाळेत पेपरात प्रश्न पहिला असायचा,
गाळलेल्या जागा भरा.
एका रेघेवर एकच शब्द मावायचा,
तो बाईंना आधीच ठाऊक असायचा,
आणि आपण तो त्यांना परत द्यायचा,
उसनी वाटी धुऊन दिल्यासारखा.

आज ओलुचीने बरणी वर्गात आणली.
वर पाणी नितळ, तळाला बोटभर तपकिरी.
सगळ्यांनी फोन काढले, मी ओरडले नाही.
कीरन रेडिएटरवरचा मोजा गुपचूप खिशात कोंबत होता.
बेथनी पुढे आली,
झाकण घट्ट आहे ना पाहिलं,
बरणी उलटीपालटी करून खळखळ हलवली
आणि फोनवर वेळ लावली.